एकेचाळीस वेळा

गुरुवारी कुमुदबाई बोलत नसत. सूर्य उगवल्यापासून संध्याकाळची दत्ताची आरती होईपर्यंत त्यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नसे. गेली एकवीस वर्षं हा नेम अखंड चालला होता. मग घरी पाहुणे असोत, अंगात ताप असो, नाहीतर शाळेत साहेबांची तपासणी असो. अंबाजोगाईहून त्या बोरीघाटच्या जिल्हा परिषद शाळेत बदलून आल्या, तेव्हा गावानं थोडी कुरकुर केली होती, की बाई गुरुवारी शिकवणार कशा? पण तो प्रश्न पोरांनी परस्परच सोडवून टाकला. गुरुवार म्हणजे वर्गात सण. बाई फळ्यावर लिहायच्या, हातवारे करायच्या, भुवया उडवायच्या आणि पोरं ओरडून ओरडून अर्थ लावायची. 'हंग्री' शब्द शिकवताना बाईंनी पोटावर हात ठेवून डोळे फिरवले, तर मुस्कान शेखनं उभं राहून जाहीर केलं होतं, "बाई बाळंत होणार!" फळ्याकडे तोंड करून खांदे गदगदेपर्यंत बाई हसल्या होत्या. आवाज मात्र फुटू दिला नव्हता.

ही गेल्या वर्षीची, पोरं तिसरीत असतानाची गोष्ट. आता तीच बावीस पोरं चौथीत होती आणि डिसेंबरमधल्या या गुरुवारी वर्गात कोणीच ओरडत नव्हतं. प्रत्येकाच्या उजव्या कानामागे वाटाण्याएवढा एक मणी चिकटलेला होता. समोरच्या पाटीवर इंग्रजीचे प्रश्न सरकत होते. विरुद्धार्थी शब्द निवडा, अनेकवचन लिहा, गटात न बसणारा शब्द ओळखा. बोटं भराभर चालत होती. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघायची कोणाला गरज नव्हती, कारण बाईच प्रत्येकाच्या कानात बोलत होत्या.

त्या मण्याला कानमणी म्हणत. जूनमध्ये तो शाळेत आला, तेव्हा पुण्याहून आलेल्या मैथिली बोकील नावाच्या तरुण इंजिनिअरनं सगळं समजावून सांगितलं होतं. माणूस चुकतो, तेव्हा ती चूक त्याच्या आधी त्याच्या मेंदूला कळते. बोट चुकीच्या उत्तराकडे वळलं की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात कपाळामागे एक बारीकशी विजेची लहर उठते. 'अगं, हे नव्हे' असं सांगणारी. पूर्वी ती टिपायला डोक्यावर तारांची टोपी घालावी लागे, आता कानामागच्या हाडावरचा मणी ते काम करत होता. लहर उठली की मणी हलकेच सूचना देई आणि मूल सावरे. चूक कागदावर उतरायच्या आधीच दुरुस्त.

"पण ती सूचना कोणाच्या आवाजात येते, यावर सगळं आहे," मैथिली म्हणाली होती. "परक्या आवाजाला मेंदू आधी दारात उभं करतो, चौकशी करतो. ओळखीचा आवाज थेट माजघरात येतो. म्हणून आम्ही वर्गशिक्षकांचाच आवाज घेतो. शिवाय मणी शिकत जातो. ज्या सुरात सांगितल्यावर एखादं मूल पटकन बरोबर उत्तर देतं, तो सूर तो त्या मुलासाठी लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी थोडा वाढवून वापरतो."

अडचण एकच होती. आवाज घडवायला साठ तासांचं बोलणं लागे आणि कुमुदबाईंचं सगळं मिळून अकरा तासच भरलं. त्या बोलत हळू आणि बोलत कमी.

"अहो, साठ तासांचं काय घेऊन बसलात!" मुख्याध्यापक गित्ते सर उत्साहानं म्हणाले होते. "टाळेबंदीच्या वर्षी बाई अंबाजोगाईच्या शाळेत होत्या, फोनवरून वर्ग घ्यायच्या. ते सगळं रेकॉर्डिंग केंद्रावर जपून ठेवलंय. मी मागवतो. चालेल ना, बाई?"

तो नेमका गुरुवार होता. बाईंना ते वर्ष पुन्हा उघडायला नको होतं. हातात पाटी होती, पेन्सिल होती, 'नको' लिहायला किती वेळ लागतो? पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि गित्ते सरांनी ते होकार म्हणून घेतलं.

नेमाबद्दलही त्यांच्या मनात शंका आली होती. गुरुवारी आपण गप्प आणि आपला आवाज बावीस कानांत बोलतोय, हे मौन कसलं? घरी त्यांनी यजमानांना विचारलं, तर ते वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणाले, "तुझी जीभ हलते का? नाही ना? मग झालं. गेलेले गवईसुद्धा रेडिओवर गातात, म्हणून काय ते जिवंत झाले?" बाईंनी देवापुढे दिवा लावला आणि तो विषय तिथेच ठेवला.

गुण मात्र वाढले. तालुक्यात दर महिन्याला सराव परीक्षा होई, तीत बोरीघाटची चौथी तळातून वर आली, मग पहिल्या पाचांत. सगळ्यात पुढे होती ओवी मस्के, पन्नासपैकी सत्तेचाळीस. ओवीचे आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, ती मावशीकडे राहत होती. जानेवारीत इंग्रजीची मोठी परीक्षा होती आणि तीत वर येणाऱ्या मुलांना जिल्ह्याच्या निवासी शाळेत पाचवीपासून जागा मिळे. ती मिळाली नाही, तर पुढच्या वर्षी ओवीला आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जावं लागणार, हे मावशीनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवंच होतं.

गुण वाढले आणि वर्ग मुका होत गेला. बाईंच्या टेबलावर रोज चिंचा, बोरं, कोणाच्या तरी शेतातल्या हरभऱ्याची गड्डी असायची. दिवाळीनंतर टेबल स्वच्छ. मधल्या सुट्टीत बाई आल्या की ओट्यावर बसलेली पोरं उठून दुसरीकडे जाऊ लागली. पूर्वी ओवीच्या तोंडाला विश्रांती नसे, आता ती विचारलं तेवढंच बोले, तेही जमिनीकडे बघून. मोठी होताहेत, बाईंनी स्वतःची समजूत घातली.

आदल्या दिवशी, बुधवारी, ओवीची मावशी फाटकापाशी उभी होती. एका हातानं पदर धरलेला, दुसऱ्या हातानं ओवीचं मनगट.

"बाई, पोरगी परीक्षेला बसत नाही म्हणायली."

"का गं ओवी? काय झालं?"

ओवीनं मनगट सोडवून घ्यायला पाहिलं.

"तुम्ही लई रागावल्या म्हणती," मावशी म्हणाली. "काय चुकलं असंल तिचं तर पदरात घ्या. पण असं तोंडदेखलं गोड नका बोलू, बाई. पोरगी जेवंना झाली."

"मी? अहो, मी कशाला रागावेन? ओवी, मी रागावले का तुझ्यावर?"

ओवीनं एकदाच वर पाहिलं. "आत्ता नाही, बाई," ती म्हणाली.

ते उत्तर बाईंच्या मनातून जाईना. पहाटे पोथीचा अध्याय वाचताना तीच ओळ मध्ये येऊन बसली. आत्ता नाही. मग कधी?

म्हणून या गुरुवारी मधल्या सुट्टीत, पोरं बाहेर जेवायला बसल्यावर, त्यांनी पोरांनी काढून ठेवलेल्या मण्यांच्या डब्यातून ओवीच्या नावाचा मणी काढला, कानामागे लावला आणि तिची पाटी पुढे घेतली. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. मणी गप्प. ठरवून चुकलं तर मेंदूला ती चूक वाटतच नाही, लहर उठत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी वेळ लावली. एका मिनिटात तीस शब्दांचे विरुद्धार्थी. छप्पन्न वर्षांची बोटं धडपडू लागली. अकराव्या शब्दाला त्या खरंच चुकल्या.

"एवढं साधं येत नाही तुला?" कानात त्यांचाच आवाज आला. पस्तिशीतला, धारदार, घाईतला. "राहू दे. तुझ्यानं नाही व्हायचं."

छाती धडधडली आणि बोट आपोआप बरोबर उत्तरावर गेलं. झटकन. अगदी लगेच.

बाईंनी मणी काढून टेबलावर ठेवला. वर पाहिलं तर दारात ओवी उभी होती, पाण्याची बाटली घेऊन. तिनं सगळं पाहिलं होतं. दोघींची नजर एकमेकींत अडकली. बोलण्यासारखं खूप होतं आणि ती पोर तेवढ्याचसाठी थांबली होती.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आज गुरुवार.

ओवीनं समजूतदारपणे मान हलवली आणि ती निघून गेली. बाईंना हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्या खुर्चीत खाली बसल्या.

तो सूर कुठून आला, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. टाळेबंदीच्या वर्षी, फोनच्या पडद्यावर अठ्ठावीस चौकोन. प्रत्येक चौकोनात एक मूल आणि मुलाच्या मागे अख्खं घर. कोणाची आई पोळ्या लाटतेय, कोणाचे आजोबा खोकताहेत. प्रांजली नावाची मुलगी वडिलांचा फोन घेऊन बसली होती. वडील मागे जेवत होते. एका सोप्या प्रश्नाला ती अडली, नेटवर्क तुटत होतं, बाईंच्या घरी सासूबाई आजारी, आधीच तीन वर्ग झालेले. बाईंच्या तोंडून ते वाक्य गेलं. अठ्ठावीस घरांनी ऐकलं. प्रांजलीच्या वडिलांचा उष्टा हात पुढे आला आणि तो चौकोन काळा झाला. शाळा उघडल्यावर प्रांजली परत आली, पण तिनं वर्गात पुन्हा कधी हात वर केला नाही. सातवीनंतर ती शाळेतही दिसली नाही. त्याच वर्षी बाईंनी गुरुवारचं मौन धरलं होतं. जिभेनं केलं ते जिभेलाच भोगू दे, असं दत्तापुढे म्हणून.

शुक्रवारी गित्ते सरांच्या खोलीत पडद्यावर मैथिली आली. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. मैथिलीनं पाच मिनिटं मागितली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बाई, मण्याला सांगितलं होतं, उत्तर बरोबर यायला हवं आणि लवकर यायला हवं. त्याला दोन सूर मिळाले, आत्ताचा आणि जुना. जुन्या सुरात सांगितलं की ओवी अडीच सेकंद लवकर सुधारायची. मग तो तसंच बोलत गेला. बावीसपैकी चौदा मुलांना तो सूर लागू पडलाय."

"लागू पडलाय," बाई म्हणाल्या.

"म्हणजे... गुणांच्या बाबतीत. जिवाला धसका बसला की माणूस हुशारीनं नाही, पण चपळाईनं वागतो. आणि धसका आपल्या माणसाच्या आवाजातला असला, तर मूल तक्रारही करत नाही. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. आम्ही हे पाहायला हवं होतं."

"पण मी ते वाक्य एकदाच बोलले होते, मैथिली. आयुष्यात एकदाच. एका वाक्यावरून यंत्र एवढं शिकतं?"

मैथिली खाली पाहू लागली. "एकदा नाही, बाई."

"म्हणजे?"

"जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य एकेचाळीस वेळा आहे. थोड्याफार फरकानं. वेगवेगळ्या मुलांना."

एका प्रांजलीसाठी एकवीस वर्षांचे गुरुवार वाहिले होते. उरलेल्या चाळीस जणांची नावंसुद्धा त्यांना आठवत नव्हती.

गित्ते सर मनानं चांगले होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या वर्षी कोणाचं डोकं ठिकाणावर होतं? मैथिलीताई, तो जुना भाग काढून टाकता येईल?"

"आज काढते. सोमवारपासून फक्त आत्ताचा आवाज. खरं सांगू का, बाई, तुमचा आत्ताचा आवाज आमच्याकडच्या सगळ्यांत शांत आहे. चारशे शाळांनी मागितलाय."

"झालं तर मग!" गित्ते सरांनी टेबलावर थाप मारली. "उद्या पोरांना सांगून टाकू, यंत्र बिघडलं होतं म्हणून. खोटं थोडंच आहे? आणि पोरं पुन्हा तुमच्या गळ्यात पडतात की नाही बघा."

बाईंनी मान हलवली. त्यांनाही तेच हवं होतं. पोरं परत हवी होती, टेबलावर चिंचा हव्या होत्या, ओवी परीक्षेला बसायला हवी होती. यंत्र बिघडलं होतं. तीन शब्द.

शनिवारी सकाळची शाळा. गित्ते सर स्वतः वर्गात आले. "बाळांनो, एक गंमत सांगायचीय. तुमचे कानमणी जरा बिघडले होते. त्यातून जे काही वेडंवाकडं ऐकू आलं, ते बाई बोलल्या नव्हत्या. यंत्राचा घोटाळा!"

वर्गातून एक लांब श्वास सुटला. मग एकदम कालवा.

"तुला बी म्हणत होतं का रे?"

"रोज! मला वाटलं, मला एकट्यालाच!"

"मी सांगितलं होतं!" मुस्कान बाकावर चढली. "सांगितलं होतं का नाही? आपल्या बाई असं बोलूच शकत नाहीत. जीव गेला तरी!"

गित्ते सर समाधानानं बाईंकडे वळले. बावीस चेहरे वळले. कित्येक आठवड्यांनी पोरं त्यांच्याकडे सरळ बघत होती. आता फक्त हसायचं होतं.

"मुस्कान, खाली उतर," बाई म्हणाल्या. "तो आवाज माझाच आहे."

"यंत्रानं केलेला ना, बाई?"

"नाही. यंत्रानं माझ्याकडून घेतलेला. तुमच्या जन्माच्या आधी मी वर्गात तशी बोलायचे. ज्यांना पटकन यायचं नाही, त्यांना. एकेचाळीस वेळा बोलले. एका मुलीनं तर त्यानंतर वर्गात बोलणंच सोडलं."

गित्ते सरांनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर कोणाचा तरी कंपास पडला, तो कोणी उचलला नाही.

ओवी उभी राहिली. "बाई, आत्ता तुम्ही तसं मनातल्या मनात म्हणता का? आम्हाला येत नाही तेव्हा?"

खोटं सोपं होतं आणि कोणालाच कळलं नसतं. "कधी कधी येतं मनात," बाई म्हणाल्या. "दमले असले की. मग मी तोंड उघडायच्या आधी थांबते. थांबायला शिकायला मला फार वर्षं लागली. तुला जे ऐकू आलं, त्यात तुझी काही चूक नव्हती, ओवी. आणि ते खरंही नाही. तुझ्यानं होतं."

ओवीनं हे तपासून घेतल्यासारखं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बसली.

"त्या ताईला सॉरी म्हणलात का?" पहिल्या बाकावरच्या प्रणितनं विचारलं.

"नाही."

"का?"

"मी गुरुवारी बोलत नाही ना, ते त्याच्याचसाठी. ते माझं प्रायश्चित्त आहे."

मुस्काननं नाक आक्रसलं. गणित न जमल्यासारखा तिचा चेहरा झाला. "पण बाई, तुम्ही बोललाच नाहीत, तर तिला कळणार कसं?"

गित्ते सरांना एकदम खोकला आला. बाईंनी खडू उचलला, परत ठेवला, आणि पोरांना अर्धा तास आधी खेळायला सोडलं.

सोमवारी त्यांनी आवाज देत नसल्याचं पत्र लिहून दिलं. जुनाही नाही, आत्ताचाही नाही. मैथिलीनं फोन करून विचारलं, "गोड आवाजात काय वाईट आहे, बाई?"

"वाईट काहीच नाही गं. पण तो कधी थांबत नाही. मी पोरांकडे बघून थांबते, त्या थांबण्यात ती काहीतरी शोधतात. शिवाय ज्या पोराला माझ्या तोंडावर 'बाई, तुम्ही चुकलात' म्हणायचंय, त्यानं मण्याला काय म्हणायचं?"

"परीक्षा वीस दिवसांवर आहे."

"माहीत आहे."

मणी डब्यात गेले आणि गुण खाली आले. मंगळवारच्या सरावात ओवीला एकोणचाळीस पडले. गित्ते सरांनी कागद पुढे ठेवला आणि बोटानं आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. सत्तेचाळीस आणि एकोणचाळीस यांच्या मधोमध उसाचा एक अख्खा फड उभा होता आणि तो त्यांनी आपल्या हातानं उभा केला होता. वर्गात मात्र गोंगाट परतला होता. ओवी दर दोन मिनिटांनी उठून त्यांच्यापाशी येई. "बाई, हे असंच का?" "बाई, पण मग ते तसं का नाही?" बुधवारी मावशी फाटकापाशी आली आणि म्हणाली, "जाती म्हणायली परीक्षेला. पास होईल का, बाई?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण बसेल ती. आणि अडलं तर रडायची नाही."

मावशीला एवढ्यानं भागण्यासारखं नव्हतं. तरी तिनं मान हलवली.

गुरुवार आला. बाईंनी पहाटे अंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, अध्याय वाचला, मौन धरलं. वर्गात दिवसभर हातवारे केले, पोरांनी नको नको ते अर्थ लावले. साडेचारला शाळा सुटली. अंबाजोगाईला बसमधून उतरल्यावर त्या रोज डावीकडे वळून घरी जात. आज उजवीकडे वळल्या. बाजारातल्या त्या एका गल्लीत, तिथलं एक दुकान उघडल्यापासून, त्या कधी शिरल्या नव्हत्या. ब्लाउजपीस घ्यायचा तरी लांबच्या दुकानात जात.

दुकान छोटं होतं, फॉल-पिकोचं. शिवणयंत्रावर तिशीतली एक बाई वाकली होती. गल्ल्याजवळ चटईवर सात-आठ वर्षांची मुलगी इंग्रजीचं पुस्तक उघडून बसली होती. बाई पायरीपाशी थांबल्या. दिवे लागायला अजून तासभर होता, आरतीला त्याहून जास्त. आरतीनंतर आलं तर नेमही राहील आणि काम पण होईल, हा विचार त्यांच्या मनात बसमध्येच येऊन गेला होता. एकवीस वर्षं हेच तर केलं होतं.

तेवढ्यात यंत्रावरची बाई मान न वळवता, हातातल्या साडीचा काठ सरकवत म्हणाली, "एवढं साधं येत नाही तुला? राहू दे. तुझ्यानं नाही व्हायचं."

तोच सूर. तीच घाई. इथे कोणाच्या कानामागे मणी नव्हता.

"प्रांजली," कुमुदबाई म्हणाल्या. दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

शिवणयंत्र थांबलं. प्रांजलीनं वळून पाहिलं, ओळखलं आणि घाईनं उठली. "बाई? तुम्ही? आज गुरुवार ना?" बाईंचं मौन गावाला ठाऊक होतं.

"हो. गुरुवारच." त्यांनी पायरीचा कठडा धरला. "टाळेबंदीत, फोनवरच्या वर्गात मी तुला बोलले होते. सगळ्यांच्या देखत, तुझ्या वडिलांच्या देखत. तसं बोलायला नको होतं. तू हुशार होतीस. नसतीस तरी बोलायला नको होतं. मी चुकले, प्रांजली. आणि हे सांगायला एवढी वर्षं लावली, ही त्याहून मोठी चूक."

प्रांजली साडीचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"मला वाटायचं, बाई विसरल्या असतील," ती शेवटी म्हणाली. "मीच धरून बसलेय. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत, माहितीये? फोन बंद केला आणि पुढे जेवत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं, त्यांनाही पटलं." तिनं लेकीकडे पाहिलं. "आत्ता ऐकलंत ना, मी हिला काय बोलले ते? शब्दसुद्धा बदलले नाहीत. माझ्या तोंडातून तुम्हीच बोलता, बाई. मला कळतं. कळतं तोपर्यंत बोलून झालेलं असतं."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच होतं ते."

"माफबिफ करायला मला एकदम नाही जमायचं."

"नको करूस."

"पण उभ्या नका राहू. बसा आत."

बाई चटईवर बसल्या. मुलगी थोडी बाजूला सरकली. पानावर चार चित्रं होती, मँगो, पोटॅटो, ग्रेप्स, बनाना. गटात न बसणारं चित्र ओळखायचं होतं. मुलीनं बाईंकडे पाहिलं, मग आईकडे, आणि घाबरत घाबरत बनानावर बोट ठेवलं.

प्रांजलीचं तोंड उघडलं. बाईंनी ते पाहिलं. त्या काही म्हणाल्या नाहीत.

प्रांजलीनं तोंड मिटलं. साडी बाजूला ठेवली, यंत्रामागून बाहेर आली आणि लेकीशेजारी चटईवर मांडी घालून बसली.

"बनाना का गं?" तिनं विचारलं. विचारताना तिचा आवाज अडखळला. हा प्रश्न तिनं पूर्वी कधी विचारलेला नव्हता.

मुलीनं आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाकीचे गोल आहेत."

दोघी बायका पुस्तकावर वाकल्या. आंबा गोल, बटाटा गोल, द्राक्षं गोल.

"खरंच की," प्रांजली म्हणाली.